बिल्ला व्ही-एटचा, गाडी सहा सिलिंडरची
वाचकांचे प्रश्न : जुन्या अमेरिकन गाड्या

प्रश्न : काका, नमस्कार. मी कोलंबसला (ओहायो) असतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. गाड्यांमधलं मला पेट्रोल भरण्यापलीकडे काही कळत नाही, पण सत्तावन्नची शेव्हरले फार वर्षं डोक्यात बसली आहे. जवळच्याच गावात एक गृहस्थ विकतायत. त्यांचं म्हणणं असं : ‘१९५७ ची बेल एअर, दोन दारी हार्डटॉप, ओरिजिनल २८३ व्ही-एट, फ्युएल इंजेक्शन, मॅचिंग नंबर.’ रंग टर्क्वाइज, वर पांढरं छप्पर. बॉनेटवर मोठा सोनेरी ‘व्ही’ आहे, मडगार्डवर झेंड्यांचा बिल्लाही आहे. तुम्ही मागच्या अंकात सांगितल्याप्रमाणे आकडेही टिपले. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर ‘बी ५७ एफ’ आणि पुढे सहा आकडे. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावरच्या) पाटीवर ‘स्टाइल ५७-१०११’. इंजिनाच्या मागच्या अंगाला ओतीव आकडा ३७५६५१९ आणि त्याच्याजवळच ‘बी २३ ०’. फोटो सोबत आहेत. घेऊ का?

उत्तर : तू अकरा फोटो पाठवलेस. त्यातले आठ गाडीच्या चकाकणाऱ्या अंगांचे आहेत. बघायला झकास, पण माझ्या उपयोगाचे नाहीत. उरलेल्या तिनांत सगळं आहे. विकणाऱ्याच्या वाक्यातलं ‘१९५७’ खरं, ‘दोन दारी’ खरं, ‘२८३’ (इंजिनाचं घन इंचांतलं माप) अर्धं खरं. बाकीचं त्याच्या मनातलं.

पट्टीपासून सुरू करू. १९५७ मध्ये शेव्हरलेच्या मोठ्या गाडीच्या तीन पायऱ्या होत्या : सगळ्यांत साधी वन-फिफ्टी, मधली टू-टेन आणि वरची बेल एअर. नंबराच्या सुरुवातीला वन-फिफ्टीला ए, टू-टेनला बी आणि बेल एअरला सी. कारखान्यातून व्ही-एट, म्हणजे इंग्रजी व्हीसारखं दोन रांगांत मांडलेलं आठ सिलिंडरचं इंजिन, घालून निघालेल्या गाडीला त्या अक्षराच्या आधी आणखी एक व्ही, म्हणजे व्हीए, व्हीबी, व्हीसी. व्ही नसेल तर गाडी सहा सिलिंडरची. पुढे ५७ हे वर्ष. त्यापुढचं अक्षर कारखान्याचं : एफ म्हणजे फ्लिंट, टी टॅरीटाउन, एल लॉस एंजेलिस, जे जेन्सव्हिल, असं. तुझी गाडी आमच्या फ्लिंटची निघाली. मी राहतो तिथून तिची जन्मजागा गाडीने वीस मिनिटांवर आहे, म्हणून थोडा जीव अडकला. पण पट्टी म्हणते ‘बी’ : टू-टेन, सहा सिलिंडर. बेल एअर नाही आणि जन्माने व्ही-एटही नाही.

आता पाटी. ती बॉडी बनवणाऱ्या फिशरची. तिच्यावर बॉडीचा प्रकार, आतली गादी आणि रंग कळतात. इंजिनाबद्दल ती चकार शब्द काढत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. विकणारे ‘पाटीवर व्ही-एट आहे’ असं बेधडक सांगतात. १०११ म्हणजे टू-टेनची दोन दारी सेडान. हीच सेडान बेल एअरच्या थाटात असती तर आकड्यामागे डी लागून १०११डी झालं असतं. दोन दारी हार्डटॉप, जिला शेव्हरले स्वतः ‘स्पोर्ट कूप’ म्हणायची, ती बेल एअरमध्ये १०३७डी आणि टू-टेनमध्ये नुसती १०३७. कन्व्हर्टिबल १०६७डी. नोमॅड, म्हणजे दोन दारी वॅगन, १०६४डीएफ.

पाटी बदलता येते, असं म्हणशील. येते, आणि लोक बदलतातही. म्हणून पाटीवर न थांबता पत्रा बघायचा. तुझ्या चौथ्या फोटोत ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्धी खाली आहे. काचेभोवती दाराला जोडलेली चौकट दिसते. दाराच्या मागे खालपासून छपरापर्यंत गेलेला खांबही दिसतो. ही सेडान. अमेरिकन लोक अशा गाडीला ‘पोस्ट’ म्हणतात, त्या खांबावरून. हार्डटॉपमध्ये तो खांबच नसतो. दाराची काच बिनचौकटीची असते. दार उघडलंस की नुसती काच हवेत उभी राहते. पुढची-मागची काच खाली केली की पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत सगळी बाजू उघडी. त्याच मोकळेपणासाठी लोक त्या काळी जास्त पैसे मोजायचे.

काही महाभाग सेडानचा खांब कापून ‘हार्डटॉप’ करतात. त्यांना पकडायची खूण वर असते. हार्डटॉप, कन्व्हर्टिबल आणि नोमॅड या तिघींची पुढची काच एक. सेडान आणि साध्या स्टेशन वॅगनची वेगळी, जास्त उंच. छप्परही सेडानचं उंच आणि बसकं नसलेलं. हार्डटॉपचं छप्पर टोपी जरा पुढे ओढून घातल्यासारखं दिसतं. खांब कापता येतो, पण काचेचं भोक आणि छप्पर दोन्ही बदलायचं म्हणजे दुसरी गाडी आणून शिवायची.

मग बेल एअरचा थाट आला कुठून? पोस्टाने. सत्तावन्नचं सुटं सामान आज नवं बनतं आणि घरपोच मिळतं. मागच्या पंखावरची रेघांची ॲल्युमिनियमची पट्टी, पुढच्या मडगार्डवरच्या तीन सोनेरी रेघा, सोनेरी जाळी, हे तिन्ही दागिने बेल एअरचे. टू-टेनच्या बाजूलाही तसाच पट्टा जातो, पण त्याच्या पोटात ॲल्युमिनियम नसतं, रंग असतो. पत्रा तोच असल्याने दागिने चढवणं एका शनिवार-रविवारचं काम. एक बारकावा बघ : व्ही-एटच्या बॉनेटवर आणि डिकीवर शेव्हरले या अक्षरांखाली मोठा ‘व्ही’ असायचा. तो बेल एअरवर सोनेरी आणि खालच्या दोन्ही पायऱ्यांवर चंदेरी. म्हणजे ही गाडी खरी व्ही-एट टू-टेन असती तरीही सोनेरी व्ही तिचा नव्हता.

बॉनेट उघडून त्या व्हीच्या मागून बोट फिरव. कारखान्यातली भोकं पंचने पाडलेली असतात, कड साफ. मागाहून ड्रिलने पाडलेल्या भोकाला कुसळ लागतं. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, नऊशे डॉलरांनी शिकवलं.

सांगतोच. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो. वडील ओतकामात, साचे मारायचे. मी लेथवर. ऑइल इंजिनाच्या ब्लॉकवरचा आकडा मला पाटीवरच्या अक्षरांआधी वाचता यायचा. मिशिगनला येऊन तीन वर्षं झाली होती, १९८१ चा ऑक्टोबर, संध्याकाळ आणि पाऊस. चार दारी सत्तावन्न, बॉनेटवर सोनेरी व्ही. विकणारा म्हणाला, बॉनेटची कळ अडकलीय, उद्या तेल टाकून बघा, व्ही-एट आहे, आवाज ऐका. मी आवाज ऐकला. सायलेन्सर फुटलेला होता, त्यामुळे आवाज जोरदार होता. सकाळी कळ एका झटक्यात उघडली आणि खाली एकच लांबलचक व्हॉल्व्ह कव्हर : सहा सिलिंडर. बायको दारात चहा घेऊन उभी होती. म्हणाली, “बैल घेताना दात बघतात. तुम्ही बेंदराला रंगवलेली शिंगं बघून आलात.” त्या गाडीवर मी अजून खूश आहे, ती गोष्ट वेगळी. पण तेव्हापासून शिंगं बघत नाही.

आता तुझ्या इंजिनाकडे. १९५७ ला शेव्हरलेत मुख्य इंजिनं तीन. पहिलं २३५ घन इंचाचं सरळ सहा, म्हणजे आपल्या हिशोबात ३.८ लिटरच्या वर, १४० अश्वशक्ती. दुसरं १९५५ ला नव्याने आलेलं २६५ चं व्ही-एट, १६२ अश्वशक्ती. तिसरं त्या वर्षीचं नवं २८३, म्हणजे ४.६ लिटर, साध्या कार्बोरेटरवर १८५ आणि चार तोंडी कार्बोरेटरवर २२०. त्याच्यावर दोन कार्बोरेटरची २४५ आणि २७०, आणि फ्युएल इंजेक्शनची २५० आणि २८३ अश्वशक्तीची. दर घन इंचाला एक अश्वशक्ती, याचा कंपनीने त्या वर्षी भरपूर डंका वाजवला.

सहा आणि आठ ओळखायला शाळेत जावं लागत नाही. सहाचं एक लांब कव्हर, डिस्ट्रिब्युटर बाजूला. आठाची दोन कव्हरं दोन बाजूंना उतरती, डिस्ट्रिब्युटर मागे फायरवॉलला चिकटून. अडचण २६५ आणि २८३ मध्ये येते, कारण बाहेरून ती जुळी भावंडं आहेत. दोघांचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ३ इंच. फरक फक्त बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात, पावणेचार इंच आणि ३.८७५ इंच. म्हणजे एक सूत, आणि तेही हेड काढल्याशिवाय मोजता येत नाही. म्हणून ओतीव आकडा. तो व्ही-एटवर मागच्या टोकाला, बेल हाउसिंग (क्लचभोवतीची घंटेसारखी पेटी) जिथे बसतं त्या कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूला असतो. तिथे हात घालून, आरसा धरून, गंजाची पापडी खरवडून आकडा टिपलास, त्याबद्दल शाबास. सॉफ्टवेअरवाल्यांबद्दलचं माझं मत थोडं सुधारलं.

१९५७ च्या २८३ चा ब्लॉक ३७३१५४८. तुझा ३७५६५१९. हाही २८३ च, पण १९५८ ते १९६२ मधला. जवळचं ‘बी २३ ०’ ही ओतल्याची तारीख. ए जानेवारी, बी फेब्रुवारी, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. दशक लिहायची पद्धत नव्हती. त्यामुळे नुसत्या ‘७’ वर सत्तावन्न की सदुसष्ट असा वाद घालत लोक रात्र काढतात. तुझ्याकडे वाद नाही : ब्लॉक ५८ ते ६२ चा, आकडा शून्य, म्हणजे २३ फेब्रुवारी १९६०. हे लोखंड भट्टीतून बाहेर आलं तेव्हा ही गाडी तीन वर्षांची झाली होती.

नववा फोटो हेच दुसऱ्या वाटेने सांगतो. ५५ ते ५७ पर्यंत व्ही-एट पुढच्या बाजूने, टायमिंग कव्हरच्या दोन अंगांना, आणि मागे बेल हाउसिंगवर टेकवलेलं असायचं. त्या वर्षांच्या ब्लॉकच्या कुशीला माउंटचे बोल्ट घ्यायची जागाच नाही. १९५८ पासून कुशीला बोल्टांची जागा आली. तुझ्या फोटोत इंजिन दोन्ही कुशींना चॅसिसवर वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर बसवलंय. वेल्डिंग बरं आहे, कुणीतरी कामाच्या माणसाने केलंय.

फ्युएल इंजेक्शनचं लवकर आटपतो. त्याच फोटोत इंजिनावर चार तोंडी कार्बोरेटर आणि वर गोल एअर क्लीनर दिसतोय. रॉचेस्टरचं रॅमजेट इंजेक्शन असतं तर कार्बोरेटर नसताच. रेघारेघांची ॲल्युमिनियमची पेटी इंजिनावर बसलेली असते, ती एकदा बघितली की विसरत नाही. इंजेक्शनची खूण म्हणून लावलेला झेंड्यांचा बिल्ला चौदा डॉलरला मिळत असेल.

राहिलं ‘मॅचिंग नंबर’. या दोन शब्दांवर माझा जुना राग आहे. ५७ च्या शेव्हरलेत इंजिनावर गाडीचा नंबर ठोकतच नव्हते. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक घासलेली सपाट जागा असते, तिथे इंजिनाचा कारखाना, महिना-दिवस आणि प्रकाराची अक्षरं ठोकलेली सापडतात. गाडीचा नंबर नाही. जिथे जुळवायला नंबरच नाही तिथे ‘मॅचिंग’ काय करणार? फार तर एवढं म्हणता येतं, की ब्लॉक योग्य आहे, ओतायची तारीख गाडी जोडायच्या आधीची आणि जवळची आहे, अक्षरं प्रकाराशी जुळतात. तुझ्या गाडीत यातलं पहिलंच जुळत नाही.

तर घ्यायची का? घे की. पण टू-टेनची दोन दारी सेडान म्हणून, मागाहून बसवलेलं १९६० चं २८३ आहे या हिशोबाने, आणि त्या किमतीला. ड्रॅग रेसवाले ही खांबवालीच शोधत असतात, कारण हार्डटॉपपेक्षा ती हलकी आणि कडक. टू-टेन म्हणजे हलकी जात, असं मनात आणू नकोस. सगळ्या सत्तावन्नला बेल एअर म्हणायची लोकांना सवय लागलीय, म्हणून त्या बिचाऱ्या गाड्यांना सोनं घालावं लागतं. विकणाऱ्याशी भांडू नकोस. तो बहुतेक स्वतःही असाच फसून आलाय. पट्टी, पाटी आणि ब्लॉक, एवढे तीन फोटो त्याच्यापुढे ठेव आणि गप्प बस. किंमत तोच खाली आणेल. आणि पुढच्या चाकांमागचा चॅसिसचा भाग खालून टॉर्च मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते बिल्ल्यांना काही करत नाही, चॅसिसला खातं.

प्रश्न : मी पुण्याची, कोथरूडची. मुलाकडे शिकागोला आले होते तेव्हा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात सत्तावन्नच्या, चार दारी, अशा दोन बेल एअर शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीपुढे ‘स्पोर्ट सेडान’ लिहिलं होतं, दुसरीपुढे नुसतं ‘सेडान’. मला दोन्ही सारख्याच वाटल्या. फरक काय?

उत्तर : मधला खांब. स्पोर्ट सेडान म्हणजे चार दारी हार्डटॉप. मधला खांब खिडकीच्या खालीच संपतो आणि काचांना चौकट नाही. नुसत्या सेडानला खांब छपरापर्यंत. काचा वर असताना दोन्ही सारख्या वाटतात, यात तुमची चूक नाही. त्या वर्षी बेल एअरच्या चार दारी सेडान २,५४,३३१ निघाल्या. दोन दारी स्पोर्ट कूप १,६६,४२६. आणि नोमॅड, ती तिरक्या खांबांची, छपरावर आडव्या खाचा असलेली दोन दारी वॅगन, अवघ्या ६,१०३. पुढच्या खेपेला मेळाव्यात नोमॅड शोधा. मागच्या दारावर सात उभ्या चमकत्या पट्ट्या मोजा, म्हणजे सापडली.

प्रश्न : माझे वडील पन्नासच्या दशकात कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात फिटर होते. त्यांचा एका गाडीशेजारी उभा असलेला फोटो आहे, कृष्णधवल, थोडा डागाळलेला. मोठा भाऊ म्हणतो डॉज, मी म्हणतो प्लिमथ, आमचे काका म्हणतात शेव्हरले सत्तावन्न. निकाल लावा. (डोंबिवली)

उत्तर : काकांना आधी बाजूला करतो. जनरल मोटर्सचा गाड्या जोडायचा कारखाना शिवडीला होता, १९२८ पासून, आणि तो १९५४ मध्ये बंद झाला. म्हणजे सत्तावन्नची शेव्हरले शिवडीचीही नाही, आणि कुर्ल्याशी तर शेव्हरलेचा संबंधच नाही. कुर्ल्याला प्रीमियर. त्यांचा करार क्रायस्लरशी होता. तिथे डॉज, डिसोटो आणि प्लिमथ जोडल्या जायच्या.

तुमच्या आणि भावाच्या भांडणात गंमत आहे : दोघंही थोडे थोडे बरोबर असू शकता. क्रायस्लर परदेशी बाजारासाठी प्लिमथचीच बॉडी घेऊन तिला डॉजचं तोंड लावायची आणि किंग्जवे म्हणून विकायची. डिसोटोचं तोंड लावलं की तीच डिप्लोमॅट. दारं, छप्पर, डिकी सगळं एक. त्यामुळे बाजूने काढलेल्या फोटोवरून निकाल लागत नाही. इंजिन बघूनही फार कळलं नसतं. साइड व्हॉल्व्हचं सरळ सहा, वर सपाट लोखंडी झाकणासारखं हेड आणि त्यात उभे खोवलेले सहा स्पार्क प्लग. त्या काळच्या टॅक्सीवाल्यांना झोपेतही उघडता येईल असं.

तुमच्या स्कॅनमध्ये दोन गोष्टी मला दिसल्या. पुढची काच एकसंध वाकलेली आहे, मध्ये पट्टी नाही. प्लिमथच्या बॉडीला ५२ पर्यंत पुढची काच दोन तुकड्यांची होती, एकसंध ५३ पासून. म्हणजे गाडी ५३ किंवा त्यानंतरची. दुसरी गोष्ट, बॉनेटच्या टोकावर काहीतरी चमकतंय आणि नेमका तिथेच डाग पडलाय. मूळ फोटो काढा, भिंग लावा. शिडाचं जहाज असेल तर प्लिमथ, तुम्ही जिंकलात. शिंगं असलेला मेंढा असेल तर डॉज, भाऊ जिंकला. टोप घातलेल्या माणसाचं डोकं असेल तर डिसोटो, आणि मग तिघांनी मिळून काकांना चहा पाजा. वडिलांच्या हातात जो पाना आहे तो मात्र मी लगेच ओळखला : प्लगचा पाना, टोकाला आडवी कांब घातलेला. डाग त्याच्यावर पडलेला नाही.